टेडी वेदरफोर्ड : ताजच्या पियानोवरचा ब्लूज

१९०३ सालच्या अखेरीस, दोन महिन्यांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या. ११ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या पोकाहोंटस या कोळशाच्या खाणींच्या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात मुलगा जन्माला आला. १६ डिसेंबर रोजी मुंबईत अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. या दोहोंचा पुढे काही संबंध येईल, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर त्याला वेड्यातच काढले गेले असते. पण तेहतीस वर्षांनी तो मुलगा त्या हॉटेलातील पियानोसमोर बसला आणि मुंबईच्या कानांना एका अनोळखी स्वरभाषेची चटक लागली. त्याचे नाव टेडी वेदरफोर्ड. जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो ठाऊक आहे. ज्या देशात त्याने आयुष्याची अखेरची वर्षे घालवली आणि जिथे त्याने देह ठेवला, त्या आपल्या देशात मात्र त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

वेदरफोर्डचे बालपण शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातील ब्लूफिल्ड या गावी गेले. डोंगरातला कोळसा रेल्वेच्या वाघिणींत भरून बंदराकडे रवाना करणारे हे गाव. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांसाठी वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे आणि वेगळे दरवाजे असत. कापसाच्या मळ्यांत, रेल्वेच्या रुळांवर आणि तुरुंगातील सक्तमजुरीच्या टोळ्यांत राबणाऱ्या माणसांनी आपल्या श्रमाला आणि दुःखाला जे गाणे दिले, ते ब्लूज.

आपल्याकडच्या वाचकाला हे गाणे समजून घेण्यासाठी फार दूर जायला नको. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी जात्यावर गायिलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी उभ्या केलेल्या ओवीसंग्रहाच्या मोठ्या कामाचा तो एक भाग होता. त्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांविषयीची माया आहे आणि वाट्याला आलेल्या अपमानाची जाणीवही आहे. दळणाच्या लयीत एक ओळ पुन्हा पुन्हा घोळवायची, तेवढ्यात पुढची ओळ मनात जुळवायची, ही त्या गाण्याची रीत. ब्लूजची रीतही जवळपास हीच आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. पहिली ओळ दुसऱ्यांदा गाताना गायकाला उत्तर सुचायला अवधी मिळतो आणि ऐकणाऱ्याची उत्कंठाही वाढते.

१९१५ ते १९२० या काळात वेदरफोर्ड न्यू ऑर्लीन्समध्ये राहिला. जॅझचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरातच तो पियानो शिकला. वय वर्षे बारा ते सतरा. कुठल्याही कलावंताच्या जडणघडणीतील ही महत्त्वाची वर्षे त्याला योग्य ठिकाणी मिळाली. त्यानंतर तो शिकागोला गेला. दक्षिणेतून उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांकडे निघालेल्या लक्षावधी काळ्या माणसांच्या लोंढ्यातलाच तोही एक. हंगाम आला की बीडच्या गावागावांतून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे आपण पाहतो. शिकागोला गेलेली ही बिऱ्हाडे मात्र बहुधा परत फिरली नाहीत. जाताना त्यांनी आपले गाणे सोबत नेले आणि शिकागोच्या नाचघरांत, मूकपटांच्या थिएटरांत त्या गाण्याला नवे रूप मिळाले.

त्या शिकागोत वेदरफोर्ड विशीच्या आतबाहेरचा असतानाच नामांकित पियानोवादक झाला. व्हेंडोम थिएटरमध्ये मूकपटाला साथ करणाऱ्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो वाजवी. लुई आर्मस्ट्राँग हा पुढे जगप्रसिद्ध झालेला ट्रम्पेटवादक त्याच वाद्यवृंदात होता. मे १९२६ मध्ये या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या दोन्ही बाजूंवर आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि वेदरफोर्डचा पियानो एकत्र ऐकायला मिळतो. त्याच सुमारास अर्ल हाइन्स नावाचा आणखी एक तरुण पियानोवादक शिकागोत आला होता. तोही १९०३ सालीच जन्मलेला. शहरात त्या वेळी बोलबाला होता तो वेदरफोर्डचा, हे हाइन्सने पुढे मोकळ्या मनाने मान्य केले.

वेदरफोर्डच्या वाजवण्यात एवढे काय होते, हे कळण्यासाठी पियानोवरचा ब्लूज कसा उभा राहतो ते पाहावे लागेल. ब्लूजचे एक आवर्तन बारा मापांचे असते आणि प्रत्येक माप चार मात्रांचे. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर हे आवर्तन चोवीस सेकंदांत पुरे होते. पहिली चार मापे षड्जावर उभारलेल्या स्वरसमूहाची. पाचव्या मापाला आधार मध्यमाकडे सरकतो आणि दोन मापांनी पुन्हा षड्जावर येतो. नवव्या मापाला पंचम, दहाव्याला मध्यम आणि शेवटच्या दोन मापांत घरी परत. अकराव्या-बाराव्या मापांत वादक असे काही वळण घेतो की, आवर्तन संपताना पुढच्या आवर्तनाची ओढ निर्माण होते. आपल्याकडे समेकडे येताना जो आनंद असतो, त्याच जातीचा हा आनंद. चौकट एवढी साधी आहे, म्हणूनच आत भरपूर मोकळीक आहे. तोच बारा मापांचा फेरा पंधरा-वीस वेळा घेऊनही कसलेला वादक दोनदा सारखे वाजवत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. ब्लूजचा प्राण असलेला गंधार हा कोमल आणि शुद्ध या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. निषादाचेही तसेच आणि पंचमही कधीकधी किंचित उतरतो. गायकाला हे गळ्याने साधते, ट्रम्पेटवाल्याला फुंकेने. पियानोची पट्टी मात्र एकदा दाबली की जो स्वर ठरलेला आहे तोच बोलणार. मींड नाही. आपल्याकडच्या पेटीवर नेमका हाच आक्षेप घेतला गेला आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ब्लूज वाजवणाऱ्या पियानोवादकांनी या मर्यादेतूनच वाट काढली. पांढरी एकच्या पट्टीत कोमल गंधाराची पट्टी काळी असते आणि तिच्या शेजारची शुद्ध गंधाराची पांढरी. एकच बोट काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरवायचे, किंवा दोन्ही पट्ट्या एकदम दाबून एक अलगद सोडून द्यायची. मधला स्वर प्रत्यक्षात वाजत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानात तो उमटतो. कधी दोन स्वर झपाट्याने आलटून पालटून वाजवून सूर थरथरत ठेवायचा. या युक्त्यांनी लाकूड आणि तारांचे ते अवजड वाद्य माणसासारखे बोलू लागले.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. भजनातील पेटीवाल्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो. सारा खेळ उजव्या हाताचा आणि ठेक्याची जबाबदारी पखवाजाची. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ती जबाबदारी किती मोठी असते हे सांगायला नको. वेदरफोर्डच्या पिढीतील पियानोवादकाचा डावा हात पखवाज आणि तंबोरा अशी दोन्ही कामे एकटा करी. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला स्वर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला वर उडी घेऊन स्वरसमूह. लांब टांगा टाकत चालणाऱ्या माणसासारखी ही चाल असल्याने तिला स्ट्राइड हे नाव पडले. पंजा मोठा असेल तर खर्जाचा स्वर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला गंधार एकाच वेळी दाबता येई. उजवा हात ट्रम्पेटसारखी तान सप्तकाच्या जोडस्वरांत घेई, म्हणजे दहा-बारा वाद्यांच्या गदारोळातही पियानो ऐकू जाई. ध्वनिवर्धकाचा फारसा आधार नसलेल्या काळातली ही गरज होती आणि तिच्यातूनच शैली घडली.

पुढच्या काळातील वादकांनी हाच बारा मापांचा साचा घेऊन त्यात बरेच काही बदलले. १९४० च्या दशकात बड पॉवेलसारख्यांनी डाव्या हाताची उडी बंद केली. अधूनमधून दोन-तीन स्वरांचा इशारा तेवढा ठेवला. चार्ली पार्करच्या पिढीने षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्या मधल्या जागांत नवे स्वरसमूह पेरले. १९५९ सालच्या माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लू या ध्वनिमुद्रिकेत विंटन केली याने वाजवलेला ब्लूज ऐकला, तर डावा हात किती हलका झाला ते लक्षात येते; खर्जाचे काम तिथे बासवादकावर सोपवलेले आहे. तरीही काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरणारे बोट मात्र तसेच राहिले. आजचा विद्यार्थी ब्लूज शिकायला बसतो, तेव्हा त्याचा पहिला धडा अजून तोच असतो.

अशा शिकागोत शिखराजवळ पोहोचलेला वेदरफोर्ड १९२६ च्या उत्तरार्धात अमेरिका सोडून निघाला. जॅक कार्टर या ड्रमवादकाच्या वाद्यवृंदाबरोबर तो पूर्वेकडे आला आणि शांघायमध्ये स्थिरावला. वय अवघे तेवीस. दोनच वर्षांनी, जून १९२८ मध्ये, आर्मस्ट्राँगने वेस्ट एंड ब्लूज हे जॅझच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे ध्वनिमुद्रण केले. त्यात पियानोवर होता अर्ल हाइन्स. जॅझ पियानोचा जनक म्हणून हाइन्सचे नाव पुस्तकांत गेले. १९८३ साली निधन होईपर्यंत तो वाजवत राहिला आणि त्याच्या तबकड्यांची यादी लांबत गेली. वेदरफोर्ड राहिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न जॅझच्या अभ्यासकांना आजही सोडत नाही. त्याला उत्तर नाही. मात्र मागे राहिलेल्याला इतिहास मिळाला आणि निघून गेलेल्याच्या वाट्याला एक संपूर्ण खंड आला, एवढे म्हणता येते.

त्या खंडात त्याला जे मिळाले तेही थोडके नव्हते. शांघायच्या नाचघरांत त्याच्या नावावर गर्दी होई. १९३३ साली कवी लँग्स्टन ह्यूज रशियाहून परतताना शांघायला थांबला. तेव्हा त्याची वेदरफोर्डशी गाठ पडली आणि आपल्या आत्मचरित्रात ह्यूजने त्याच्याविषयी लिहून ठेवले. १९३४ साली वेदरफोर्डने अमेरिकेत जाऊन बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा संपूर्ण वाद्यवृंद शांघायला आणला. हाच क्लेटन पुढे काउंट बेसीच्या वाद्यवृंदात नावारूपाला आला. अशा रीतीने वेदरफोर्ड केवळ वादक राहिला नाही. आशियातील बंदरांच्या शहरांत कृष्णवर्णीय कलावंतांना काम मिळवून देणारा तो एक महत्त्वाचा दुवा झाला.

मुंबईत या संगीताची पायाभरणी आधी झाली होती. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमध्ये वाजवून गेला होता. त्याच्या पाठोपाठ आला क्रिकेट स्मिथ हा ज्येष्ठ वादक. नाव क्रिकेट असले तरी त्याचा त्या खेळाशी संबंध नव्हता; तो कॉर्नेट वाजवी. वेदरफोर्ड त्याच्या वाद्यवृंदात पियानोवर बसला. १९३६ साली या वाद्यवृंदाने मुंबईत केलेल्या ध्वनिमुद्रणांत ताजमहाल नावाची एक फॉक्सट्रॉट चाल आहे. ती रचली होती मीना सायलस या मुंबईकर ज्यू संगीतकाराने. अमेरिकन काळे वादक, ज्यू संगीतकार, पारशी मालकाचे हॉटेल आणि समोर नाचणारे युरोपीय, पारशी, संस्थानिक असा तो सारा मेळ होता. पुढे वाद्यवृंदाची सूत्रे वेदरफोर्डकडे आली.

यात एक विसंगती होती. स्वतःच्या देशात ज्याला अनेक हॉटेलांच्या पुढच्या दाराने आत जाता आले नसते, तो इथे पांढऱ्या कोटात मंचाच्या मधोमध बसून वाद्यवृंद चालवत होता. पण हा देश स्वतःच पारतंत्र्यात होता. मुंबईतल्या गोऱ्यांच्या काही क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता आणि ताजच्या नाचघरातील झगमगाटापासून सामान्य मुंबईकर कोसो दूर होता. कापसाच्या मळ्यातल्या मजुरांचे गाणे इथे पोहोचले ते श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलांपर्यंत. गिरणगावातल्या कापसाच्या कामगारांपर्यंत ते गेले नाही. मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

तरीही ते गाणे झिरपले, आणि झिरपले ते गोव्याच्या वादकांमुळे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईला पोटासाठी आलेल्या या वादकांना लिहिलेले संगीत अचूक वाजवता येई. मात्र न लिहिलेले वाजवण्याची सवय नव्हती. ॲबी, स्मिथ, वेदरफोर्ड यांच्या वाद्यवृंदांनी त्यांना उत्स्फूर्त वादनाचे दर्शन घडवले. १९३९ पासून मिकी कोरिया याने ताजमधील वाद्यवृंद सांभाळला आणि वीसेक वर्षे चालवला. अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँगच्या शैलीत वाजवी. दिवसा तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाई. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या अलबेला चित्रपटातील गाण्यांसाठी त्याची साथ घेतली. भगवानदादांच्या त्या गाण्यांवर गावोगावच्या तंबू थिएटरांत प्रेक्षक नाचले. ब्लूजचा एखादा कण कधीतरी बीड, परळी, अंबाजोगाईच्या पडद्यापर्यंत पोहोचला असेल, तर तो असा वळणावळणाने.

१९३७ साली वेदरफोर्ड पॅरिसला गेला. तिथे स्विंग या कंपनीसाठी त्याने एकट्याने पियानोवर काही तबकड्या केल्या. त्यांतील एका ब्लूजला त्याने वेदर बीटन ब्लूज असे नाव दिले. स्वतःच्या आडनावावर त्याने केलेली ही कोटी. ऊनपावसाने झिजलेल्याचा ब्लूज असा तिचा अर्थ. युरोपात राहण्याची संधी असूनही तो आशियात परतला. मुंबई, कोलंबो आणि मग कलकत्ता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजत असे. त्यात अमेरिकन, गोवेकर, अँग्लो इंडियन, ब्रह्मदेशातून आलेले असे नाना तऱ्हेचे वादक होते. शहर अमेरिकन सैनिकांनी भरून गेले होते. अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरून या वाद्यवृंदाचे कार्यक्रम प्रसारित होत.

आणि त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळ पडला. काही लाख नव्हे, वीस ते तीस लाख माणसे भुकेने आणि पाठोपाठ आलेल्या रोगराईने मेली. खेड्यांतून आलेली माणसे चौरंगीच्या पदपथांवर पेजेसाठी हात पसरत होती आणि हॉटेलांच्या आत संगीत चालू होते. दुष्काळ, स्थलांतर आणि पाण्याची वणवण यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या परिचय असलेल्या बीडच्या वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. दोष पियानोवाल्याचा नव्हता. तरी जे संगीत उपाशी माणसांनीच जन्माला घातले, ते अशा जागी वाजत होते, ही नोंद करणे भाग आहे.

त्या वर्षांत एक तरुण अमेरिकन खलाशी कलकत्त्यात वेदरफोर्डच्या वाद्यवृंदाबरोबर ब्लूज गाऊ लागला. त्याचे नाव जिमी विदरस्पून. वेदरफोर्डने त्याला मंचावर जागा दिली, रेडिओवर त्याचा आवाज गेला. युद्धानंतर मायदेशी परतलेला विदरस्पून जे मॅकशॅनच्या वाद्यवृंदात गाऊ लागला आणि १९४९ साली त्याच्या गाण्याने अमेरिकेत मोठे यश मिळवले. पुढची चार-साडेचार दशके ब्लूजचा एक अव्वल गायक म्हणून तो नावाजला गेला. त्याच्या कारकिर्दीची पहिली पायरी हुगळीच्या काठी होती.

वेदरफोर्डला हे पाहायला मिळाले नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्याला पटकी झाली. दुष्काळाच्या मागोमाग ज्या आजारांनी बंगालची खेडी ओस पाडली, त्यांतलाच हा एक. हॉटेलाच्या भिंती त्याला अडवू शकल्या नाहीत. २५ एप्रिल रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. महायुद्ध संपायला चार महिने उरले होते. अमेरिका सोडल्याला जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती आणि या काळात जॅझ तिथे पार बदलून गेला होता.

त्यानंतर मुंबईतल्या नाचघरांचेही दिवस पालटले. स्वातंत्र्य आले, साहेब गेले, १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवर हे संगीत आणखी काही वर्षे तग धरून राहिले. १९४१ साली दार्जिलिंगला जन्मलेले पियानोवादक लुई बँक्स तिथल्या ब्लू फॉक्समध्ये वाजवत आणि पुढे त्यांनी मुंबईला कर्मभूमी केले. २०१२ साली पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास ताजमहाल फॉक्सट्रॉट या पुस्तकात मांडला, तेव्हा वेदरफोर्डचे नाव नव्या पिढीच्या कानावर पुन्हा पडले.

वेदरफोर्डच्या तबकड्यांची संख्या हाइन्सच्या तुलनेत अगदी नगण्य आहे. त्यांतही एकट्या पियानोवरच्या तबकड्या मोजक्याच. पॅरिसमधला तो वेदर बीटन ब्लूज मात्र आज कुणालाही इंटरनेटवर ऐकता येतो. ऐकताना प्रथम डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. मग अठ्ठेचाळीस मात्रा मोजाव्यात. पाचव्या मापाला आधार मध्यमावर सरकतो तो क्षण एकदा सापडला की पुढचे आपोआप उलगडत जाते. आणि उजव्या हाताचे बोट गंधारापाशी येऊन घसरते, तेव्हा माजलगावच्या जात्यावरची ओवी ज्याने ऐकली आहे त्याला तो स्वर अगदीच परका वाटणार नाही.